परड्यांतील आबोली : जात कोणती निवडावी व रोप कोठून आणावें

ज्या घराच्या परड्यांत आबोलीचें एकही झाड नाहीं असें घर आमच्या मसुरें गांवीं शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. गडनदीच्या काठच्या वाड्या असोत, भरतगडाच्या पायथ्याचीं घरें असोत कीं वर सड्यालगतची वस्ती असो. तुळशीवृंदावनाच्या कडेस, विहिरीच्या वाटेवर अथवा गडग्याच्या आडोशास आबोलीचीं दोन-चार झाडें असावयाचींच. पुरुष मंडळी त्यांकडे सहसा लक्ष देत नाहींत. आंब्याचीं कलमें, काजू, माड, पोफळी यांचा हिशेब आपण ठेवतों. आबोली मात्र बायकांच्या खात्यांत टाकलेली. आम्हींही महसूल खात्यांतील नोकरींत शेंकडों सात-बाराचे उतारे तपासले, पीकपाहणीचे रकाने पडताळले. परंतु स्वतःच्या परड्यांत काय उभें आहे याची पाहणी मुदतीपूर्वीं निवृत्ति घेतल्यावर, म्हणजे पांच वर्षांमागें, प्रथम केली. त्या पाहणीनंतर जी एक चूक आमच्या हातून घडली आणि तिच्या पायीं जें शिकावें लागलें, तें सभासद बंधूंच्या कानीं घालावें म्हणून हा लेख.

फुलझाडासाठीं मासिकाचीं पानें कशास खर्चावीं, असा आक्षेप येईल. आबोलीवर कोणी श्रीमंत झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, हें आम्ही आधींच कबूल करतों. परंतु दिवाळीपासून मृगाच्या तोंडापर्यंत एक दिवसाआड घरांत येणारें, देवास व माणसास दोघांसही पुरणारें असें दुसरें फूल नाहीं. आणि ज्या घरच्या बायका वळेसर करून बाजारीं पाठवितात त्या घरीं मीठ-मिरचीचा खर्च त्यावर निघतो. दुसरें कारण याहून मोठें आहे. आबोलीस जो रोग मारतो तो ज्या वाटेनें परड्यांत शिरतो, त्याच वाटेनें मिरीवेलाचे व केळीचेही शत्रु शिरतात. आबोली लवकर मरते म्हणून ती वाट आम्हांस दिसली, इतकेंच.

प्रथम झाडाची ओळख. आबोली ही अडुळसा व कोरांटी यांच्या कुळांतील. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस असें आहे. पैकीं पहिल्या शब्दांत तिच्या परागकोशांच्या झालरीचा उल्लेख आहे व दुसऱ्याचा अर्थ नरसाळ्याच्या आकाराची. दक्षिण भारत व श्रीलंका हें तिचें माहेर. कानडी व तमिळ मुलुखांत तिला कनकांबर म्हणतात आणि तेथें ती परड्यापुरती न राहतां शेतांत पीक म्हणून उभी असते. युरोपांत लोक तिला कुंडींत लावून खिडकींत ठेवितात. तिला वास नाहीं. म्हणूनच तिला 'न बोलणारी' असें नांव पडलें, असें जुनीं माणसें सांगतात. पण जें मोगऱ्यास जमत नाहीं तें हिला जमतें. मोगरा संध्याकाळीं माळला तर सकाळीं काळवंडतो, आबोली दुसऱ्या दिवशींही टवटवीत असते. शिवाय फूल इतकें हलकें कीं केवढीही वेणी माळली तरी डोक्यास भार नाहीं. फुलें चौधारी तुऱ्यावर खालून वर उमलत जातात आणि एक तुरा पुरा उमलून संपण्यास सुमारें महिना लागतो.

आतां जातींविषयीं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे ती गांवठी आबोली. फूल मध्यम, रंग फिकट नारिंगी. ज्या छटेस मराठींत 'आबोली रंग' म्हणतात ती हीच. तिला बोंडें धरतात, प्रत्येक बोंडांत बहुधा चार बिया असतात. वाळलेल्या बोंडास पाणी लागलें कीं तें तट्कन फुटून बिया लांब उडतात. लहानपणीं हीं बोंडें पाण्याच्या वाटींत टाकून त्यांचे फटाके उडविले नाहींत असा मूल आमच्या बाजूस नसेल. पहिल्या पावसांत तीं आपलीं आपण फुटतात व झाडाच्या आजूबाजूस रोपें उगवतात, त्यामुळें ही जात कोणी मुद्दाम न लावतांही टिकून राहिली.

दुसरी 'दिल्ली' आबोली. हिचा रंग गडद, पाकळी रुंद, तुरे भरगच्च. फुलवाले हिलाच प्रथम उचलतात. परंतु हिला बीं धरत नाहीं व त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. वनस्पतीच्या पेशींत गुणसूत्रांचे संच असतात आणि बीज तयार होतांना त्या संचांची दोन सारख्या भागांत वांटणी व्हावी लागते. दिल्ली आबोलींत हे संच तीन आहेत. तीन बैल दोन भावांत वांटावयाचे ठरल्यास जो तंटा होईल तोच येथें होतो, व बीज तयारच होत नाहीं. आपल्या खाण्याच्या केळींत बीं नसतें तें बहुतेक जातींत याच कारणानें. अर्थात् दिल्ली आबोलीचें प्रत्येक झाड हें कोणत्या तरी दुसऱ्या झाडाचा तोडलेला तुकडा असतें. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सारी हकीकत यावरच अवलंबून आहे.

पिवळी व तांबडी अशा आणखी दोन जाती आहेत. पिवळी एकटी फिकी वाटते, पण नारिंगी वळेसरांत चार-चार फुलांनंतर एक पिवळें गुंफलें तर वेणी खुलते. तेवढ्यापुरतीं दोन झाडें असावींत. तांबडीची आम्हांस फारशी आवड नाहीं, आणि आमच्या घरांतही नाहीं. बंगलोरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेनें अर्का अंबरा, अर्का कनका अशा सुधारलेल्या जाती काढल्या आहेत. त्या मुख्यतः शेतांत पीक घेणाऱ्यांसाठीं होत.

आतां आमची हकीकत. निवृत्तीनंतर परडें सुधारण्याचें मनांत आलें. तुळशीच्या मागें आमच्या आईनें राखलेली गांवठी आबोलीची ओळ होती. आईस जाऊन बरींच वर्षें झालीं, पण ओळ तिच्या पश्चात् आपलीं आपण बीं पाडून उभी होती. ती आम्हांस किरकोळ वाटली. एका रोपवाटिकेंतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतलीं दिल्ली आबोलीचीं चोवीस रोपें आणलीं. रोपांस कळे आलेले होते व रंग पाहतांच आम्ही भुललों. पिशवी फाडून मूळ पाहण्याची बुद्धि झाली नाहीं. न्हाणीचें सांडपाणी आयतें मिळेल म्हणून न्हाणीच्या बाजूस, आईच्या ओळीपासून दहा-बारा हात अंतरावर, वाफा केला व लावून टाकलीं.

पहिल्या शिमग्यास वाफा असा फुलला कीं वाटेनें जाणारा थांबून विचारी. आम्हीं चार घरीं रोपें देण्याचें कबूलही केलें. सुदैवानें तेवढें हातून घडलें नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत, श्रावण संपतां संपतां, एका झाडाचीं पानें निस्तेज झालीं. कडा गुलाबी-तपकिरी पडल्या. दुपारीं झाड मान टाकी, संध्याकाळीं पुन्हां उभें राही. चार-पांच दिवसांनीं तें संध्याकाळींही उठेना. पाणी कमी पडलें असें समजून पावसाच्या दिवसांतही आम्हीं त्यास कळशीभर पाणी घातलें. मग खत कमी पडलें असें समजून मिश्रखताची मूठ दिली. दोन्ही उपाय रोगाच्याच पथ्यावर पडले. दसऱ्यापर्यंत चोविसांपैकीं सतरा झाडें वाळलीं, आणि नंतर आईच्या ओळींतील पहिलें झाड मान टाकूं लागलें.

ओळखीचा एक कृषि पदवीधर तरुण घरीं आला होता. त्यानें वाफ्याकडे न पाहतां आधीं अंगणाच्या टोकास उभें राहून जमिनीकडे पाहिलें आणि विचारलें, 'काका, पावसाचें पाणी इथून कुठें जातें?' न्हाणीकडील वाफा वर, आईची ओळ खालीं. पावसाळाभर एका वाफ्याचें पाणी दुसऱ्यांतून वाहत होतें. जमिनीचा उतार कोणत्या दिशेस आहे हें दुसऱ्यांच्या नकाशांवर पाहण्यांत आमचें आयुष्य गेलें, आणि स्वतःच्या परड्याचा उतार एका मुलानें दाखवावा लागला. त्या दिवशीं आम्ही फारसें बोललों नाहीं.

त्यानें मेलेलें एक झाड हलक्या हातानें उपटून मूळ बादलींत धुतलें. निरोगी आबोलीचें मूळ पांढुरकें, तंतूंनीं दाट असतें. हें तपकिरी-काळें, तंतु जवळजवळ नाहींत, आणि चिमटींत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आली. हा आबोलीचा मर रोग. फ्युझेरियम नांवाची बुरशी हें त्याचें एक कारण, पण ती एकटी क्वचितच इतका नाश करते. मातींत डोळ्यांस न दिसणारे सूत्रकृमि असतात. ते मुळांच्या सालींत शिरून जखमा करतात व त्या जखमांच्या दारांतून बुरशी आंत येते. चोरानें भिंतीस भोंक पाडावें व दरोडेखोरानें त्यांतून शिरावें, तसा हा प्रकार. दिल्ली जात यास विशेष बळी पडते. सूत्रकृमि स्वतः लांब चालत नाहीं. वर्षांत हात-दोन हात सरकला तर फार. तो लांब जातो तो आपल्या कुदळीस लागलेल्या मातींतून, वाहत्या पाण्यांतून, आणि सर्वांत सोयीनें पिशवींतील रोपाच्या मुळांबरोबर.

म्हणजे आम्हीं चोवीस झाडें विकत आणलीं असें समजत होतों. प्रत्यक्षांत चोवीस पिशव्या परकी माती विकत आणली होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटीं आईच्या ओळींतील एकही झाड उरलें नाहीं. दिल्लीचीं झाडें गेलीं त्याचें दुःख पैशापुरतें होतें. ही ओळ गेल्याचें दुःख निराळें होतें. आईच्या हातचें घरांत जें उरलें होतें तें इतकेंच होतें, आणि त्यास किरकोळ म्हणणारेही आम्हीच. दिवाळींत भाऊबीजेस धाकटी बहीण आचऱ्याहून आली. तुळशीमागें उघडी जमीन पाहून तिनें विचारलें व आम्हीं सांगितलें. ती हंसून म्हणाली, 'दादा, आवशीची आबोली माझ्याकडे आसा. इतको हळहळतंस कित्याक?' लग्न होऊन सासरीं जातांना तिनें पुडींत बांधून बीं नेलें होतें, हें आम्हांस ठाऊकही नव्हतें. पुढील उन्हाळ्यांत तिनें बोंडांची एक काचेची बाटली आणून दिली. मुळासकट रोप दिलें असतें तर बरें झालें असतें, असें तेव्हां वाटलें. आतां वाटतें कीं बीं दिलें तेंच बरें, कारण सूत्रकृमि मुळांत व मातींत राहतो, उन्हांत वाळवून स्वच्छ केलेल्या बियांत नाहीं.

म्हणून जात निवडतांना आमचा पहिला प्रश्न आतां फुलाच्या रंगाविषयीं नसतो. झाड कोणत्या रूपानें घरीं येत आहे, बीं, शेंडा कीं मूळ, हें आम्ही आधीं विचारतों. ज्यांस घरापुरतीं फुलें हवीं त्यांनीं गांवठी जात बियांपासून करावी. फूल थोडें लहान, पण दर दोन-तीन वर्षांनीं नवीं रोपें फुकट मिळतात आणि बाहेरची माती परड्यांत येत नाहीं. बियांपासून आलेल्या झाडांत थोडा फरक पडतो, कोणाचा रंग गडद, कोणाचा तुरा लांब. त्यांतून चांगलें झाड दोऱ्यानें खुणेचें करून त्याचेंच बीं राखीत गेल्यास पांच-सहा वर्षांत घरची ओळ दिल्लीच्या जवळ आली नाहीं तरी पाहण्यासारखी होते. दिल्ली जात ज्यांस बाजारांत माल पाठवावयाचा आहे त्यांनीं लावावी, पण ज्या जागीं पूर्वीं आबोली, वांगीं, भेंडी किंवा टोमॅटो नव्हतीं अशा जागीं.

दिल्लीचें रोप मुळासकट आणूंच नये. ज्याच्याकडे निरोगी झाड असेल त्याच्याकडून शेंडा मागून आणावा व घरीं मुळें फोडावीं. शेंडा टाचणीएवढा कोवळा नसावा व लांकडासारखा जुनाही नसावा; चार बोटें ते वीतभर लांब, तीन-चार पेरांचा, जमिनीपासून दूर वाढलेला घ्यावा. तुरा व खालचीं पानें काढून टाकावीं. धुतलेल्या नदीच्या वाळूंत किंवा जुन्या काथ्याच्या भुशांत अर्धा पुरून सावलींत ठेवावा व ओल राखावी. हस्ताचा जोर ओसरल्यावर लावल्यास महिन्याभरांत मुळें धरतात. भर पावसांत लावल्यास कुजतात. रोपवाटिकेंतूनच घ्यावयाचें झाल्यास एक पिशवी तेथेंच फाडून मूळ धुवून दाखवा म्हणून मालकास सांगावें, व त्या एका रोपाचे पैसे आपण द्यावे. जो नाहीं म्हणेल त्याच्याकडून रोप घेऊं नये. असें बोलण्यास संकोच वाटतो, आम्हांसही वाटला होता.

बीं राखण्यास थोडी युक्ति लागते. बोंडें तुऱ्याच्या खालच्या टोकाकडून वाळत येतात आणि वरचीं पिकेपर्यंत खालचीं दंवानें फुटून जातात. याकरितां खुणेच्या झाडाच्या दोन-तीन तुऱ्यांवर पातळ फडक्याची पोटली सैल बांधावी. तुरा पुरा तपकिरी झाला कीं पोटलीसकट कापून, कोरड्या ताटांत उन्हांत ठेवून, बीं कोरड्या बाटलींत भरावें. ओल्या हातानें बोंडास स्पर्श केल्यास काय होतें हें सांगण्याची गरज नाहीं.

पेरणी चतुर्थीनंतर, पावसाचा मारा कमी झाल्यावर करावी. वितभर उंचीचा गादीवाफा, त्यांत चाळलेलें शेणखत व वाळू, बीं अगदीं उथळ पेरून वर खताचा पातळ थर, आणि झारीनें हलकें पाणी. बीं ओलें होतांच बुळबुळीत होऊन मातीस चिकटतें, तें पुन्हां हलवूं नये. दोन-तीन आठवड्यांत उगवण होते. पांच-सहा पानांचीं, सुमारें दोन महिन्यांचीं रोपें कायम जागीं न्यावीं. आमच्याकडे हें दिवाळीनंतर पडतें आणि शिमग्याच्या सुमारास पहिला तुरा दिसतो.

जागेविषयीं आमच्या किनाऱ्यापुरतें दोन शब्द अधिक सांगणें जरूर आहे, कारण पुस्तकें बहुधा कमी पावसाच्या मुलुखांत लिहिलेलीं असतात. आपल्या जिल्ह्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढें पाणी पडतें तेवढें तिकडे तीन-चार वर्षांत पडत नाहीं. आबोलीस ओल हवी, पण पायाशीं साचलेलें पाणी दोन दिवसही चालत नाहीं. म्हणून पागोळीखालीं, न्हाणीच्या तोंडाशीं व वायंगणी जमिनीच्या मेरेस ती लावूं नये. जांभ्याच्या मातीचा, भोंवतालच्या जमिनीपेक्षां वीतभर उंच असा वरंबा करावा व त्याच्या वरच्या अंगास चर काढून बाहेरचें पाणी दुसरीकडे वळवावें. माडाखालची चाळणीसारखी सावली तिला मानवते. फणसाखालच्या दाट सावलींत पानें मोठीं होतात पण तुरे येत नाहींत. दोन ओळींत दोन फूट व दोन झाडांत एक फूट अंतर पुरें. दिल्लीस चार बोटें अधिक. लावतांना प्रत्येक आळ्यांत कुजलेलें शेणखत व मूठभर करंजाची किंवा निंबाची पेंड द्यावी. उन्हाळ्यांत बुडाशीं वाळला पाला पसरून एक दिवसाआड पाणी दिल्यास चालतें. पावसाळ्यांत फुलें कमीच येतात. तेव्हां खत घालून तीं वाढविण्याच्या नादास लागूं नये.

रोग आल्यास काय करावें? मेलेलें झाड वांचत नाहीं, हें प्रथम मनाशीं ठरवावें. तें व त्याच्या दोन्ही बाजूंचीं झाडें मुळाभोंवतालच्या मातीसकट काढावीं, मुळें उन्हांत वाळवून जाळावीं, खतखड्ड्यांत कदापि टाकूं नयेत. कुदळ व खुरपें धुवून मगच दुसऱ्या वाफ्यांत न्यावें. पूर्वीं अशा जमिनींत फोरेटसारखें दाणेदार विष टाकण्याचा सल्ला पुस्तकांतून असे. भारतांत त्याचा वापर २०२० अखेरपासून बंद झाला आहे. कोणाच्या मांगरांत जुना डबा उरला असल्यास तो विहिरीजवळच्या परड्यांत रिकामा करण्याचा मोह धरूं नये; तीच विहीर आपण पितों. आम्हीं त्या जागीं प्रथम मखमल, म्हणजे बुटका झेंडू, दाट लावला. त्याच्या मुळांतील द्रव्यांनीं हे सूत्रकृमि कमी होतात, मात्र झाडें तीन-चार महिने उभीं राहिलीं पाहिजेत. शोभेपुरतीं चार झाडें लावून कांहीं होत नाहीं. नंतर चैत्र-वैशाखांत माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला, कडा मातींत पुरल्या व पांच आठवडे ऊन खाऊं दिलें. काळा कागद घेऊं नये, त्याखालीं माती तितकी तापत नाहीं. शेवटीं शेणखतांत मुरविलेली ट्रायकोडर्मा बुरशी मिसळली. ती रोगाच्या बुरशीस जागा मिळूं देत नाहीं. अधिक चौकशी ज्यांस करावयाची असेल त्यांस आपल्याच तालुक्यांत किर्लोस येथें कृषि विज्ञान केंद्र आहे.

मिरीवेलाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला तो याचसाठीं. माडा-पोफळींवर चढविलेल्या मिरीवेलाचीं पानें हळूहळू पिवळीं पडून वेल दोन-तीन वर्षांत संपतो, त्यामागेंही पुष्कळदां सूत्रकृमि असतात. केळीचा मर रोग तर कंदाबरोबरच गांवोगांवीं गेला. ज्या परड्यांत आम्हीं चोवीस पिशव्या उघड्या केल्या त्याच्या पलीकडेच आमचे मिरीवेल आहेत. ते अद्याप बरे आहेत. दर पावसाळ्यांत एकदां एका वेलाच्या बुडाशीं बोटभर उकरून मूळ पाहतों, व त्याची नोंद वहींत करतों.

काढणीविषयीं थोडें. फुलें एक दिवसाआड, पहांटे दंव असतांना हलक्या हातानें वर ओढून घ्यावीं. तुरा मोडूं नये, कारण त्याच तुऱ्यावर महिनाभर फुलें यावयाचीं आहेत. फुलून संपलेला तुरा, बियांसाठीं राखला नसेल तर, खुडून टाकावा. नवे तुरे लवकर येतात. आबोलीचीं हजारों फुलें वेंचावीं तेव्हां कोठें किलोभर वजन होतें, यास्तव वजनावर विकण्यापेक्षां गुंफून विकणें परवडतें. केळीच्या सोपटाचा ओला दोरा यास उत्तम. सुताच्या दोऱ्यानें देंठ कापले जातात. आंगणेवाडीच्या जत्रेस वेण्यांस जेवढी मागणी असते तेवढी वर्षांत पुन्हां नसते. जत्रेची तिथि ठरलेली नाहीं, देवीचा कौल मिळाल्यावरच दिवस कळतो. म्हणून फुलें नेमकीं त्या दिवसासाठीं धरून ठेवण्याचा हिशेब कोणी करूं नये. ज्याची ओळ दिवाळीनंतर वेळेवर लागली असेल त्याच्याकडे तेव्हां फुलें असतात.

सध्यां आमच्याकडे तुळशीमागील जुनी जागा रिकामीच ठेविली आहे, तेथें यंदाही मखमल आहे. आईची आबोली आतां विहिरीच्या वरच्या अंगास उंच वरंब्यावर आहे, लहान-मोठीं मिळून तीसएक झाडें. दिल्लीचीं सहा झाडें शेंड्यांपासून केलेलीं, कुंड्यांत चिऱ्यांवर मांडलीं आहेत. तीं फुलतात छान, हें नाकबूल करतां येत नाहीं. गांवठी आबोलीचें बीं उन्हाळ्यांत भरपूर जमतें. ज्या सभासदांस हवें असेल त्यांनीं चतुर्थीपूर्वीं कोरडी बाटली घेऊन आमच्या घरीं यावें. मुळासकट रोप मात्र आम्ही कोणास देत नाहीं व कोणाचें घेत नाहीं.